उभे तुकडे, आडवे तुकडे

तुमची काकू धुळ्याला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते, एवढं तुम्हाला माहीत आहे. शिकवता शिकवता ती पीएचडी करत होती आणि तिच्या शेवटच्या वर्षी मी तिच्या कामाचं काय करून ठेवलं, हे मात्र तुम्हाला नीट कुणी सांगितलं नसेल. काकाने सांगितलं असेल तर हसवायला सांगितलं असेल. मला त्यात हसू येत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

त्या वर्षी नवरात्राच्या आठवडाभर आधी मी जळगावहून त्यांच्या देवपुरातल्या फ्लॅटवर राहायला गेले. काका नाशिकला बदलीवर होता, शनिवारी यायचा. काकू घरी एकटी, आणि तिला प्रबंधाचं इंग्रजी तपासून हवं होतं. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेला, त्यामुळे ते काम न मागता माझ्याकडे आलं. एसटीत एरंडोल मागे पडेपर्यंत तिने आधीच पाठवलेलं पहिलं प्रकरण तांबड्या पेनाने रंगवून झालं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पेपर तपासताय का मॅडम? पोरगं नापास दिसतंय." मी म्हटलं, "सून आहे." त्या पुढे पारोळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण वाचता वाचता मी त्या विषयात गुंतले. टायटॅनियममध्ये थोडं ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळून एक मिश्रधातू करतात. तो विमानात लागतो, माणसाच्या खुब्यातही बसवतात. काकूचा धातू ओतलेला किंवा ठोकलेला नव्हता, थ्रीडी प्रिंटरवर घडवलेला होता. म्हणजे धातूची पिठासारखी पूड अगदी पातळ पसरायची, हवी तेवढीच लेसरने वितळवायची, तिच्यावर पुन्हा पूड, पुन्हा लेसर. असे शेकडो थर. पेन्सिलीएवढा तुकडा असा घडवायचा तर तो मेणबत्तीसारखा उभा घडवता येतो, किंवा निजवून आडवा. तयार झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रश्न असा की लाखो वेळा वाकवल्यावर दोन्ही सारखेच टिकतात का. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कधीतरी तुटते ना, तसं. धातूच्या त्या दमण्याला थकवा असंच नाव आहे.

काकूने मला ते बिबड्यांवरून, आपल्या ज्वारीच्या पापडांवरून, समजावलं होतं. "आई, ओले बिबडे एकावर एक रचले आणि त्यांचा जाड गठ्ठा झाला, असं समजा. मधला एखादा नीट चिकटला नाही, तिथे चपटी पोकळी राहिली. गठ्ठा वर-खाली ओढलात तर कुठे उकलेल?"

"त्या पोकळीपाशी."

"आणि दोन बाजूंना ओढलात तर?"

तर पोकळी ओढीच्या दिशेलाच पडून राहते, फारसं काही बिघडवत नाही. तुकडा वाकवला की ओढ त्याच्या लांबीच्या दिशेने बसते. उभ्या तुकड्यात थर ओढीला आडवे येतात, आडव्या तुकड्यात ते ओढीबरोबर जातात. म्हणून उभे आधी तुटावेत असा साधारण अंदाज. पण भट्टीत कसं तापवलं, वरचा पृष्ठभाग कसा ठेवला यावरही पुष्कळ ठरतं. काकूच्या तुकड्यांचं काय होणार, हे तुकडे तुटल्याशिवाय कळणार नव्हतं. प्रबंधात एवढं एकच नवं होतं, आणि सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

तुकडे चोवीस होते, बारा उभे, बारा आडवे. ते बाहेरगावी घडवून घ्यायला तिला दोन वर्षं थांबावं लागलं होतं आणि दुसरा संच मिळणार नव्हता. टोकांवर कोरलेले आकडे लेथवाल्याने टोकं सपाट करताना उडवून टाकले. कोणता तुकडा कुठला ते त्याला अजून ठाऊक होतं, म्हणून काकूने तिथल्या तिथे निळ्या मार्करने प्रत्येकाच्या टोकावर 'उ' किंवा 'आ' लिहून घेतलं. आता ते पक्कं कोरून आणायचं दसऱ्यानंतर. तोवर उभे तुकडे एका स्टीलच्या डब्यात, आडवे दुसऱ्यात. संध्याकाळी ती गॅलरीत वर्तमानपत्र पसरून एकेक तुकडा घेऊन बसायची आणि पॉलिश पेपरने घासायची, लांबीच्या दिशेनेच. आडवा ओरखडा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते म्हणे. एकदा मी म्हटलं, "अगं, किती घासशील?" तर म्हणाली, "आई, माझी हत्यारं म्हणजे हेच."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

खंडेनवमीला आपल्याकडे कामाची हत्यारं पुजतात. तुमच्या आजोबांचा त्यात मोठा कटाक्ष. पाटबंधारे खात्यात होते ते. त्या दिवशी त्यांची मोजपट्टी, करवत, माझं शिवणाचं मशीन, माझं शाईचं पेन, सगळं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाटावर मांडायचं. धुळीचा कण दिसला तर म्हणायचे, "देवाला काय, उद्या कामाला हेच घेणार ना?" ते गेल्यावरही मी ते मोडलं नाही. त्या सकाळी काकू कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या पूजेला गेली होती. मी पाट मांडला. सुरी, कात्री, पेन झालं, आणि मग मला तिचे डबे आठवले.

मला वाटलं, ती येईल तेव्हा तिला बरं वाटेल.

चोवीस तुकडे मी स्पिरिटने पुसले. अंगाचा भाग पुसला, टोकंही पुसली. मग तांब्याच्या ताम्हनात सूर्याच्या किरणांसारखे गोल मांडले, मधे झेंडूचं फूल. हळदकुंकू वाहिलं, तेही मागून पुन्हा पुसून घेतलं, कारण डाग राहिलेला मला चालत नाही. दुपारी परत भरून ठेवायला दोन्ही डबे उघडले आणि पहिला तुकडा हातात घेतला. कुठल्या डब्यात टाकायचा, म्हणून टोक बघितलं. टोक लखलखीत होतं. बोळा कचऱ्याच्या टोपलीतून काढून पाहिला, तो निळा झाला होता.

त्या दुपारी मी त्या घरात किती फेऱ्या घातल्या असतील. बसले की उठावंसं वाटे. स्वयंपाकघरातली फळी काढून पुसली, डबे उंचीप्रमाणे लावले, पुन्हा वाजवून बघून आवाजाप्रमाणे लावले, म्हणजे रिकामे एकीकडे. मग भिंग घेऊन खिडकीशी बसले. तिसऱ्या प्रकरणात मी स्वतःच वाचलं होतं की उभ्या आणि आडव्या तुकड्यांचा पृष्ठभाग वेगळा येतो. ते लेथवर जाण्याआधीचं होतं, हे मला माहीत होतं आणि माहीत असून मी ते बाजूला सारलं. बघत राहिलं की काहीतरी दिसतंच. काहींची चमक जरा थंड वाटली, काहींची उबदार. थंड ते उभे, असं मी ठरवलं. का, ते आता विचारू नका. बारा-बारा जुळेपर्यंत दोन-तीन इकडचे तिकडे केले, आणि काकूच्याच निळ्या मार्करने, तिच्याच वळणाने, 'उ' आणि 'आ' लिहून टाकलं.

ती आली, पाटावरचं पेन आणि कात्री बघून हसली. "हे काय, माझ्या तुकड्यांना आमंत्रण नव्हतं?"

मी म्हटलं, "होतं. झालं त्यांचंही." एवढंच बोलले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

दसऱ्यानंतर ती ते आकड्यांसकट कोरून घेऊन आली. म्हणजे माझा अंदाज आता धातूत गेला. तिसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्र सुरू झालं. जेवणाचा डबा पोचवायच्या निमित्ताने मी दुपारी तिथे जाऊ लागले, कारण घरात बसवेना. यंत्र साधंच आहे. तुकडा पकडीत आडवा धरतात, त्याला वजन टांगतात आणि मोटरने गरगर फिरवतात. फिरताना तो दर फेरीला एकदा इकडून, एकदा तिकडून ताणला जातो. बाजूला फेऱ्या मोजणारा काउंटर. तुटला की वजन खाली येतं, बटण दाबलं जातं, यंत्र बंद.

तिथले लॅब असिस्टंट सोनगीरकडचे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी स्टूल पुढे केलं. "आठे बसा, अक्का. हाई काही सासूबाईनी मालिका नही, आज तुटी का उद्या, सांगता येत नही."

"कोणता लावलाय?"

"उभा. काल आडवा व्हता, तो लवकर तुटी गया. हाऊ काही तुटत नही."

मी काउंटरकडे बघत राहिले. आकडे पळत होते. उभा तुटत नव्हता. तो खरंच उभा असेल आणि काकूचा अंदाजच चुकीचा असेल, असंही असू शकतं, असं मी स्वतःला दर पाच मिनिटांनी सांगत होते. नाना म्हणाले, "तुम्ही त्याले नजर लावी राहिनात का काय? म्हणीसन तुटत नही तो."

सहा तुकडे तुटले. काकू रोज जेवणाच्या टेबलावर आलेख काढायची, उभ्यांना निळा ठिपका, आडव्यांना तांबडा. निळे खाली, तांबडे वर असे दोन पट्टे दिसायला हवे होते, निदान उलटे तरी. दिसत होती मिसळण. तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला तेव्हा तिने तो स्पीकरवर ठेवला होता, मी कोथिंबीर निवडत होते. ते म्हणाले, यातून काहीच निघत नाही. एक तर भट्टीचं गणित चुकलंय नाहीतर पॉलिश. पॉलिश तूच केलंस ना घरी?

"हो सर."

"मग तेच लिहावं लागेल. प्रबंध या वर्षी होत नाही, असं धरून चाल."

फोन ठेवल्यावर तिने आपले हात उलटे करून बघितले. पॉलिश पेपरने तर्जनीची कातडी पांढरी पडली होती. "दोन वर्षं थांबले आणि शेवटी माझ्याच हाताने गेलं," ती म्हणाली. "एखादा आडवा ओरखडा राहिला असेल. दिसला नसेल मला. सोडून देते आता, आई. शिकवते आहे तेवढं पुरे."

ती उठून पाणी प्यायला गेली. ती परत येईपर्यंत बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. ती दारात असतानाच म्हटलं, "तुझ्या हाताने नाही गेलं. टोकावरची अक्षरं तुझी नाहीत. माझी आहेत."

तिला समजेना. मी सगळं सांगितलं. बोळा, ताम्हन, भिंग, थंड चमक. सांगताना ते फार लांबलचक वाटत होतं.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

"चोवीसच्या चोवीस?"

"हो."

ती गॅलरीत गेली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू होत नाही म्हणून किक मारत होतं, ती मारणं बराच वेळ चाललं. मग ती दारात येऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं.

"आई, पुसलं गेलं असतं तर मी एक दिवस रडले असते आणि दुसऱ्या दिवशी मार्ग काढला असता. हत्यारं पुजायला मीच सांगितलं असं समजले असते. पण तुम्ही लिहिलंत. माझ्या अक्षरात लिहिलंत. मी इतके दिवस तुमच्या अंदाजाला मोजत बसले." पुढे म्हणाली, "माझ्या वाक्यात एक स्वल्पविराम चुकला तर तुम्ही समासात तांबडं लिहिता. हे कुठल्या समासात लिहू?"

मी निवडलेली कोथिंबीर फडक्यात गुंडाळली.

सकाळी उठले तर टेबलावर तिची चहाची बशी आणि एक कागद होता. त्यावर तिने तुकड्याचं चित्र काढून टोकाशी रेघ मारली होती. ती कॉलेजात निघतच होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "धातूला आठवतं. चला यायचं तर."

वाटेत रिक्षात तिने एवढंच सांगितलं की प्रिंटरमध्ये थर चढत जातात तसे आतले कण खालून वर उंच वाढतात, खांबांसारखे. लेथने बाहेरचं सगळं काढलं तरी आतले खांब तसेच राहतात. पकडीच्या टोकाला थोडी जास्तीची लांबी आहे. तिथून पातळ चकती कापायची, ॲसिडने कोरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. तुटलेल्यांचीही आणि न तुटलेल्यांचीही.

चकत्या नानांनी कापल्या, पाण्याची धार सोडून, सावकाश. काय झालं ते काकूने त्यांना सांगितलं असावं, कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, आमनी म्हतारीनी एक डाव मना चष्माच पुजामां ठेवी दिन्हा. मी दिनभर आंधया." मला हसता आलं नाही, पण स्टूल त्यांनी आपणहून पुढे केलं हे मी विसरलेले नाही.

ॲसिड भयंकर असतं, हाडापर्यंत जातं. ते काम रसायनशास्त्राच्या विभागात, काचेच्या कपाटाच्या आत, हातमोजे घालून. मला बाहेर थांबवलं. मी व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिले. सूचनाफलकावरच्या टाचण्या वाकड्या होत्या. एक सरळ केली आणि हात मागे घेतला.

संध्याकाळी काकूने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. "हा कोणता ते तुम्ही सांगा."

कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी टोकाकडून बघावी तसं दिसत होतं, एकाला एक लागून गोलसर तोंडं. मी म्हटलं, "खांब माझ्याकडे तोंड करून आहेत. म्हणजे उभा."

"आणि हा?"

आता तीच मोळी कुणीतरी आडवी टाकली होती, लांबच लांब पट्टे. त्यात चुकायला जागाच नव्हती. मी भिंग घेऊन खिडकीशी बसले होते ती दुपार आठवून मला तिथे, नानांच्या देखत, घाम फुटला.

दोन दिवसांत चोवीस झाले. माझी चौदा अक्षरं बरोबर होती, दहा चूक. काकू म्हणाली, "नाणं उडवलं असतं तरी जवळपास एवढंच आलं असतं." त्या आठवड्यात ती माझ्याशी मुद्द्याचं सोडून बोललेलं हे पहिलं वाक्य.

राहिलेले अठरा तुकडे दिवाळीनंतरपर्यंत फिरत राहिले. जुन्या सहांच्या ठिपक्यांचे रंग बदलले आणि आलेख हळूहळू उलगडू लागला. निळे बहुतेक खाली, तांबडे बहुतेक वर. उभे तुकडे लवकर दमत होते. तुटलेल्या तोंडाकडे पाहिलं की बऱ्याच उभ्यांत काठापाशी एक चपटी पोकळी सापडे, थरांच्या मधली. बिबड्यांचंच झालं होतं ते.

मार्गदर्शकांना तिने सगळं कळवलं. ते रागावले, मग म्हणाले की चकत्यांचा पुरावा पक्का आहे, पण काय घडलं ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहावं लागेल. परीक्षकांना ते आवडलं नाही तर प्रबंध परत येईल, तो धोका तिने घ्यायचा. काकू म्हणाली, घेते. आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "हा परिच्छेद तुम्ही लिहा."

मी दिवसभर लिहिलं. इतकं छान इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नसेल. घरगुती कारणामुळे नमुन्यांवरील खुणा नाहीशा झाल्या, अशी सुरुवात होती. तिने वाचलं आणि माझाच तांबडा पेन उचलला.

"घरगुती कारण म्हणजे काय, आई? गॅस गळला? पाहुणे आले?"

"मग काय लिहू?"

"घरातल्या व्यक्तीने खुणा पुसल्या आणि अंदाजाने पुन्हा लिहिल्या. दोन्ही लिहा. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे."

मी दोन्ही लिहिलं. चार ओळी झाल्या. त्यात एकही विशेषण नव्हतं.

मग तिने आलेख उघडला, तो त्या परिच्छेदाच्या मागे जायचा होता. निळ्यांच्या पट्ट्यात सगळं नीट बसत होतं, एक सोडून. एक उभा तुकडा बहुतेक आडव्यांपेक्षाही वर, एकटाच. चकती दोनदा बघून झाली होती, उभाच होता तो. पोकळी सापडली नव्हती त्यात. "हा एकटा असा का?" मी विचारलं. "वाचणाऱ्याला खटकेल. खाली टीप द्यावी का काही, किंवा..."

"आई."

"नाही, मी आपलं म्हटलं."

"तो तिथेच तुटलाय. तिथेच राहू दे."

मी हात मांडीवर घेतले. तिने पान प्रिंटरला पाठवलं, आणि प्रिंटर अडखळत, कुरकुरत ते बाहेर काढेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो होतो. तो ठिपका कागदावरही तसाच आला, इतरांपासून लांब. मला अजूनही तो बघवत नाही.